सुलट पाळी

आमच्या घरात सकाळ कधी करायची ते कारखाना ठरवायचा. बिबवेवाडीच्या चढावर आमची पत्र्याची एक खोली, मागे मोरी, पुढे दीड पावलाचा ओटा. त्यात आई, पप्पा आणि मी. पप्पा कात्रजच्या पुढे एका कारखान्यात मशीनवर होते. दुधाच्या पिशव्यांना जे प्लॅस्टिक लागतं, ज्याला तिथली माणसं नुसतं फिल्म म्हणतात, ते तिथे बनायचं. मशीन बंद केलं की आतलं वितळलेलं प्लॅस्टिक गोठून बसतं आणि मग साफसफाईत दिवस जातो. म्हणून एक रविवार सोडला तर मशीन दिवसरात्र चालू, आणि त्याच्यासोबत माणसंही. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. दर आठवड्याला बदल.

पाळी हा शब्द मी असा शिकले. पुढे कॉलेजात एकदा मी सहज म्हणाले, "पप्पांची पाळी बदलली ना, म्हणून उशीर झाला," तर बाकावरच्या मुली हसून हसून लाल झाल्या. मला कळेचना. आमच्याकडे बायकांच्या त्या चार दिवसांना 'अडचण' म्हणायचे. पाळी फक्त पप्पांना यायची.

आणि ती आली की सगळ्या घराला यायची. रात्रपाळीच्या आठवड्यात पप्पा सकाळी घरी येऊन आडवे झाले की आमच्याकडे संचारबंदी. कुकर असून आई डाळ पातेल्यात शिजवायची, कारण शिट्टी नको. नळाखाली बादलीत फडकं टाकून ठेवायचं, म्हणजे पाणी वाजत नाही. मी पाढे ओठातल्या ओठात म्हणायची. आई सकाळी दोन घरी पोळ्या करायला जायची, ती परत आली की चप्पल बाहेरच काढून मांजरासारखी आत यायची. पण पत्र्यावर ऊन तापायचं, शेजारच्या काकूंचा टीव्ही भिंतीतून बोलायचा, आणि पप्पा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. दुपारी उठून बसायचे तेव्हा डोळे असे, जणू कोणी मिरचीपूड टाकली आहे.

"झोप लागली का हो?" आई विचारायची.

"झोपलो होतो. लागली नाही," पप्पा म्हणायचे.

मग पप्पांनी सुपरवायझरला विचारून भंगारातली फिल्म आणली. दुधाच्या पिशवीची फिल्म एका बाजूनं पांढरी आणि दुसऱ्या बाजूनं काळीकुट्ट असते, उजेडानं दुधाची चव जाते म्हणून. खिडकीला, दाराच्या फटींना, पत्र्याच्या भोकांना ती लावली आणि भर दुपारी खोलीत हात दिसेना. आई खूश. तेव्हापासून आमच्याकडे एक नवीनच बोलणं सुरू झालं. पप्पांच्या स्कूटरचा आवाज आला की आई ओरडायची, "रात्र लाव गं!" आणि मी पळत जाऊन खिडकीला चिमटे लावून रात्र लावायची.

रोज लावायची आणि रोज काढायची, याचा आम्हाला कंटाळा आला. फिल्म फाटायची, चिमटे हरवायचे. एका रविवारी आईनं लाकडी पट्ट्या आणल्या आणि रात्र ठोकूनच टाकली. "जाऊ दे, पाळी कुठलीही असो, एकदाचं काम झालं," ती म्हणाली. आम्हा तिघांनाही ते शहाणपणाचं वाटलं. आता आमच्या घरात पहिल्या पाळीच्या आठवड्यातही रात्र, दुसऱ्या पाळीतही रात्र, रविवारीही रात्र. उठायचं ते गजरानं आणि ट्यूबलाइटच्या उजेडात.

ही चूक आहे हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या ओळीत तो विषय महिनाभर पुरला. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिथल्या पंख्याखाली बसून मी बारावी काढली होती, आणि मला त्याचा ताठा होता. अजून आहे. पण कॉलेज सकाळी सातचं. आणि मला सकाळी जागच येईना. गजर वाजायचा, मी तो बंद करायची, आणि शरीर म्हणायचं, अजून मध्यरात्र आहे. रात्री मात्र बारा वाजले तरी डोळे टक्क उघडे. शेजारच्या काकूंना एवढं पुरे होतं.

"ग्रॅज्युएट होणारे म्हणे! कोंबडा आरवून दमला तरी हिची पहाट होईना."

त्याच वर्षी पप्पांच्या बाबतीत ते घडलं. फिल्म गुंडाळणाऱ्या रोलरपाशी उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला. शेजारच्या माणसानं कॉलर धरून मागे ओढलं म्हणून हात वाचला. पप्पा तेव्हा नुकतेच हेल्परचे ऑपरेटर झाले होते, बारा वर्षं घासून. सुपरवायझर म्हणाला, "पुन्हा असं दिसलं तर तुम्हाला मशीन बंद. गेटवर बसा, गाड्या मोजा." दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, ही गोळी घ्या, आणि एक तर झोप सुधारा, नाही तर पाळीचं काम सोडा. दोन्हीचा अर्थ आमच्या घरात एकच होता, गेट. गेटवरच्या पगारात खोली चालली असती, कॉलेज चाललं नसतं. माझ्या आत्यानं तर फोनवर सांगूनही टाकलं, "पोरगी मोठी झाली, एखाद्या मॉलमध्ये लाव की." आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू उद्या वेळेवर जा. बाकी मी बघते." तिला काय बघता येणार होतं, हे तिलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले नाही. प्रॅक्टिकल सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर दारात उभी राहिले. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम पेठेतल्या होत्या, आवाज कधी न चढवता माणसाचं पाणीपाणी करणाऱ्या.

"या. आपल्याकडे सूर्य कुठल्या बाजूनं उगवतो, विचारू शकते का?"

वर्ग हसला. मला राग आला, आणि रागात मी खरं तेच बोलले. "मॅडम, आमच्या घरी सूर्य उगवतच नाही. खिडकी बंद केलीय. पप्पांची पाळी असते."

पुन्हा तेच हसणं, मुलींच्या बाकावरून. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "खिडकी कायमची बंद?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "पाळी कशी फिरते? रात्रीनंतर कुठली?" मी म्हणाले, "रात्रीनंतर दुसरी, मग पहिली, मग परत रात्र." त्यांनी चष्मा काढला. "अरे देवा," एवढंच म्हणाल्या, आणि मला जागेवर बसायला सांगितलं.

तास संपल्यावर त्यांनी थांबवून घेतलं. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात सगळ्यांना एक प्रयोग करायचा आहे, तुम्ही तो नीट करा. प्रयोग लाजाळूचा होता. लाजाळू हात लावला की मिटते हे सगळ्यांना माहीत असतं, पण हात न लावताही ती संध्याकाळी पानं मिटते आणि सकाळी उघडते. प्रश्न असा, की तिला सकाळ झाली हे कोण सांगतं? उजेड सांगत असेल, तर ठार अंधारात ठेवली की तिला काहीच कळायला नको. कुंडी खोक्यात ठेवायची, उजेडाचा कणसुद्धा आत जाता कामा नये, आणि टॉर्चला हिरवा जिलेटिन कागद लावून अधूनमधून बघायचं, कारण त्या मंद हिरव्या उजेडाचं झाडाला फारसं काही वाटत नाही.

वर्गातल्या मुलांनी खोक्यांना काळा रंग दिला, काळी कापडं गुंडाळली, आणि सगळ्यांच्या खोक्यांत कुठून ना कुठून उजेड शिरला. माझ्या खोक्यात शिरला नाही. मी टीव्हीच्या जुन्या खोक्याला आतून पप्पांची फिल्म लावली होती, दुधाच्या पिशवीची, काळी बाजू आत. बुधवार पेठेतून टॉर्च आणला होता. कुंडी आमच्या मोरीच्या कट्ट्यावर.

पहिल्या सकाळी मी उशिराच उठले आणि दिवा न लावता, हिरव्या टॉर्चच्या उजेडात खोकं उघडलं. पानं उघडी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं, उजेड आत गेला. संध्याकाळी पाहिलं, पानं मिटलेली. दुसऱ्या सकाळी उघडी. तिसऱ्या सकाळीही. अंधारात, कोणी न सांगता. फक्त वेळ थोडी थोडी सरकत चालली होती, आणि पानं आळसावल्यासारखी अर्धवट उघडू लागली होती. कुंडी बाहेर ओट्यावर ठेवली, तर काही दिवसांत गाडी पुन्हा रुळावर आली.

आई मागे येऊन उभी होती. "हिला आतून कळतं?"

"आतून कळतं. पण बाहेरचा उजेड दिसला नाही की हळूहळू चुकायला लागतं."

आई खिडकीकडे बघत राहिली. "मग आपण काय वेगळं करतोय?" ती म्हणाली.

मॅडमनी नंतर समजावलं ते मी आजही तसंच सांगते. माणसाच्या डोक्यात, डोळ्यांच्या मागे आतल्या बाजूला, असंच घड्याळ असतं. झोप, भूक, अंगातली ऊब, रक्तदाब, सगळं त्याच्या तालावर. बहुतेकांचं ते चोवीस तासांपेक्षा जरासं लांब चालतं, म्हणजे रोज थोडं मागे पडतं, आणि सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रोज जुळतं. आमच्या घरातल्या माणसांची घड्याळं जुळवणारं कोणीच नव्हतं. आम्ही त्या उजेडालाच खिळे ठोकून बाहेर ठेवलं होतं.

मी घरी गेले आणि रागाच्या भरात सगळ्या पट्ट्या उखडल्या. खोलीत ऊन आलं, भिंतीवरची ओल दिसली, आईनं कितीतरी दिवसांनी कोपरे झाडले. मी स्वतःवर खूश होते. आठवडा मात्र रात्रपाळीचा होता. पप्पा सकाळी आले, जेवले, आडवे झाले, आणि थोड्या वेळानं ओरडले.

"रात्र काढली कुणी?"

"मी," मी म्हणाले, आणि उजेड, घड्याळ, लाजाळू, सगळं एका दमात सांगायला लागले.

"अगं, तुझं कॉलेज माझ्या डोळ्यावर कशाला आणतेस? मी काय कुंडी आहे का?"

तो आठवडा भयंकर गेला. पप्पा दिवसा झोपलेच नाहीत आणि माझ्याशी बोललेही नाहीत. मी मॅडमकडे जाऊन भांडल्यासारखं विचारलं, की तुम्ही म्हणता उजेड चांगला, मग असं का? त्या म्हणाल्या, "उजेड औषधासारखा आहे. योग्य वेळी. आपण वडिलांना सकाळी, झोपायच्या आधी, औषधाचा मोठा डोस दिला." मग विचारलं, "ते घरी कसे येतात?"

स्कूटरवर. सकाळी, समोर ऊन घेऊन. म्हणजे रात्रभर जागलेल्या माणसाच्या डोळ्यांत नेमका झोपायच्या वेळी सूर्य जायचा आणि आतलं घड्याळ म्हणायचं, चला, दिवस सुरू.

मी तुळशीबागेच्या बाहेरून एक काळा गॉगल घेतला. पप्पा घालायला तयार नव्हते. "लोक काय म्हणतील?" आईनंच तो त्यांच्या खिशात कोंबला. कारखान्यातून निघताना घालायचा आणि अंथरुणावर पडेपर्यंत काढायचा नाही, एवढीच अट. पहिल्या दिवशी पप्पा खाकी शर्ट, मळकी पँट आणि भलामोठा काळा गॉगल अशा थाटात वस्तीत शिरले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"काय हो, मोतीबिंदू काढला की काय?"

"नाही वहिनी, शूटिंग आहे," पप्पा म्हणाले आणि गॉगल न काढता आत गेले. बऱ्याच दिवसांत ते पहिल्यांदा काहीतरी गंमत करून बोलले होते. आईनं पदर तोंडाला लावला.

चिमटे परत आले. रात्रपाळीच्या आठवड्यात रात्र लावायची, पप्पा उठले की काढायची, बाकीच्या आठवड्यांत लावायचीच नाही. चहानं झोप उडते म्हणून पप्पा पहाटेचा चहा सोडून कारखान्यात चहा फक्त पाळीच्या सुरुवातीलाच घेऊ लागले. आईनं ठरवलं की रात्रपाळीतही उठल्यावरचं जेवण नीट ताटात वाढायचं, उभ्या उभ्या काही खायचं नाही. पोटालाही वेळ कळते असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे मला तुझ्या कॉलेजाआधी माहीत होतं." आणि मी स्वतः सकाळी उठल्या उठल्या विहाराच्या गच्चीवर जायला लागले, पुस्तक घेऊन, तोंड उगवतीकडे. पहिले काही दिवस डोळे मिटायचे. मग मिटेनासे झाले. त्या वर्षी मला दारात उभं राहायची वेळ पुन्हा आली नाही.

पप्पांचं मात्र निम्मंच सुधारलं. आठवड्याच्या शेवटी जरा बरी झोप लागायची, तोवर पाळी बदलायची आणि सगळं पहिल्यापासून. त्याच सुमारास रोलरपाशी पुन्हा डोळा लागून त्यांचा तोल गेला. सुपरवायझरनं पाहिलं नाही, पण पप्पांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं. ते कधी असलं सांगायचे नाहीत. म्हणाले, "गेट मागून घेतो. स्वतःहून मागितलं तर निदान मानानं मिळेल."

"थांबा," मी म्हणाले. "पाळीच उलटी आहे."

"पाळी उलटी कशी असेल? पाळी ती पाळी."

मॅडमच्या त्या 'अरे देवा'चा अर्थ मी पुस्तकात शोधला होता, तो समजावला. रात्रीनंतर दुसरी, दुसरीनंतर पहिली, म्हणजे दर आठवड्याला काम आणि झोप आठ तास आधीच्या वेळेला सरकते. आपलं आतलं घड्याळ लांब चालणारं आहे, त्याला उशिराकडे सरकणं जमतं, आधीकडे सरकणं जड जातं. पहिली, मग दुसरी, मग रात्र अशी सुलट फिरवली तर शरीराला पटेल. पप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? पाळी मी एकटा फिरवतो का? शनिवारी दुपारी गेटबाहेर चहाला ये. तिथे सांग."

मी गेले. एकोणीस वर्षांची पोरगी, सॅक पाठीवर, आणि चहाच्या टपरीवर सुटलेल्या आणि चढणाऱ्या पाळीची पंधराएक माणसं. त्यांच्यात सगळ्यात जुने होते ते भोरच्या बाजूचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी हो म्हटलं तर सगळ्यांचं हो.

"काय गं पोरी, आमाला झोपायला शिकिवतीस व्हय?"

"शिकवत नाही मामा, विचारते. उद्या सुट्टी आहे. आज दोन तास उशिरा झोपा म्हटलं तर जमेल?"

"दोन? क्रिकेटची म्याच असली तर चार."

"आणि दोन तास आधी झोपा म्हटलं तर?"

"आधी? दिवे लावायच्या येळेला? कशी यील झोप!"

"बायकोनं कितीबी सांगू दे," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"मग दर आठवड्याला तुम्ही आठ तास आधी झोपायचं बघताय," मी म्हणाले. "कित्येक वर्षं. आणि झोप येत नाही म्हणून स्वतःला दोष देताय."

हसणं थांबलं. एकानं ग्लास खाली ठेवला. पाळी हा शब्द मी तिथे किती वेळा उच्चारला, कोणी हसलं नाही. तिथे त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांच्या डोळ्यांखाली होता.

मामांनी मान हलवली. "त्ये खरं हाय. पर माझं ऐक. पहिली पाळी सपली की मी शनवारी दुपारी सुटतो, त्यो सोमवारी रातीपतुर मोकळा. तेवढ्यात गावाकडं जाऊन शेताला पाणी दिऊन येतो. तुझी सुलट पाळी धरली तर रातपाळीवरनं रविवारी सकाळी सुटायचं आन सोमवारी सकाळी परत पहिलीला? मेलोच की गं."

पुस्तकात झोप होती, मामांचं शेत नव्हतं. मी ग्लास परत केला आणि घरी आले.

रविवारी पप्पा ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. एकदम म्हणाले, "मशीन आठवड्यातून एक दिवस बंद राहायला पाहिजे. रविवारच पाहिजे असं कुठंय?"

"म्हणजे?"

"आता रविवारी सकाळी बंद होतं, सोमवारी सकाळी चालू. त्यापेक्षा शनिवारी रात्री दुसरी पाळी सुटली की बंद, रविवारी रात्री चालू. तेवढेच तास. रात्रपाळी रविवारी रात्री चढेल आणि शनिवारी सकाळी सुटेल. मग पहिली पाळी सोमवारी सकाळी. शनिवार-रविवार पूर्ण मोकळे. मामाला गाव मिळालं की नाही?"

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. पहिलीवरून दुसरीला जातानाही पुरे दोन दिवस मिळत होते. फक्त दुसरीवरून रात्रीला जाताना एकच दिवस, आणि तिकडे सरकणं शरीराला सोपंच. पप्पांनी ब्लेड धुतलं आणि उरलेला गाल करायला घेतला, जसं काही झालंच नाही.

मामा म्हणाले, "आठ तास कमी भरत्यात. पर झोप मिळत आसंल तर चालंल." मग सगळे मिळून सुपरवायझरकडे गेले. मी तिथे नव्हते, पप्पांनी जेवताना सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "कारखाना मी चालवतो का तुमच्या पोरीचं कॉलेज?" पप्पा म्हणाले, "साहेब, मशीन तेवढेच तास बंद राहणार. तुमचं काहीच जात नाही. आमच्या मशीनपुरतं दोन महिने बघा."

"आणि माल बिघडला तर?"

"तर मी गेटवर बसतो. कोणाला काही बोलणार नाही."

आईचा घास हातात राहिला. "असं कशाला बोललात हो?"

"मग काय बोलणार? पोरीवर विश्वास आहे म्हणून बोललो," पप्पा म्हणाले आणि आमटी मागितली. त्यांनी मला तोंडावर एवढं कधी म्हटलं नव्हतं. मी उठून त्यांना आमटी वाढली.

पहिली फेरी ओढाताणीची गेली. माणसं चुकून जुन्या पाळीला येऊन उभी राहायची. एक जण म्हणाला, हे बायकांचं शास्त्र आहे. दुसरीवरून रात्रपाळीला जायच्या रविवारी मी सगळ्यांच्या घरी निरोप धाडला, की आज सकाळी उशिरापर्यंत लोळा, दुपारी पुन्हा झोपा, घरच्यांनी ओरडायचं नाही. मामांच्या बायकोनं उलट निरोप पाठवला, "आमच्याकडं त्यांना लोळायला सांगावं लागत नाय." दुसऱ्या फेरीत तीन-चार जणांनी गॉगल घेतले. गेटमधून सकाळी काळे गॉगल लावलेली माणसं ओळीनं बाहेर पडायची आणि टपरीवाला त्यांना 'गँग' म्हणायचा.

दोन महिने संपत आले तेव्हा एका दुपारी मी कॉलेजातून घरी आले. रात्र लावलेली होती. मी चप्पल बाहेर काढून आत गेले, तर पप्पा घोरत होते. माझ्या हातातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गोल गोल फिरत, भलामोठा आवाज करत. आई मोरीतून धावत आली आणि आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या राहिलो. पप्पा हलले नाहीत. आईनं झाकण उचललं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

माल बिघडला नाही. रात्रपाळीत भंगारात जाणारी फिल्म आधीपेक्षा कमी झाली, हे सुपरवायझरनं पप्पांना सांगितलं नाही, मामांना सांगितलं, तेही दुसऱ्या मशीनची पाळी कधीपासून बदलायची हे विचारताना. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, गोळी चालू ठेवा, पण हे असंच चालू दे. मॅडमना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं. आता परीक्षेत एवढंच नीट लिहा," आणि खिडकीकडे वळल्या. त्यांच्याकडून ही फार मोठी शाबासकी होती.

मला कोणी विचारलं की शिकून काय केलंस, तर मी लाजत नाही. त्या कारखान्यात आज सगळ्या मशीनवर पाळी सुलट फिरते. पप्पा गेटवर बसले नाहीत, ऑपरेटर म्हणूनच निवृत्त झाले, दोन्ही हात शाबूत. आणि मी तिन्ही वर्षं न थांबता पुरी करून पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यातली पहिली.